रॅमसे स्ट्रीटवरून आलेली गाणी

वाचकांच्या प्रश्नांचे हे सदर एरवी निरनिराळ्या विषयांवरच्या पत्रांचे असते. मागील अंकात मात्र एका वाचकाने, पन्नाशी उलटल्यावर एखाद्या पॉप गायिकेवर आणि तिच्या जुन्या मालिकेवर जीव असणे शोभते का, असे विचारले होते आणि जागा अपुरी पडल्यामुळे ‘अवश्य शोभते’ एवढेच उत्तर देऊन मी थांबले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच व्यक्तीविषयी, ऑस्ट्रेलियाच्या कायली मिनोग यांच्याविषयी आहेत. म्हणून या महिन्याचे सदर त्यांच्या गाण्यांना आणि ज्या मालिकेमुळे त्या घराघरांत पोहोचल्या त्या ‘नेबर्स’ला दिले आहे. पत्रे जागेच्या सोयीसाठी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे वडील डॉक्टर होते आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत नोकरीला असल्यामुळे 1986 ते 1990 ही वर्षे आम्ही इंग्लंडमधील लेस्टर येथे काढली. शाळेतून आल्यावर मी रोज संध्याकाळी ‘नेबर्स’ पाहत असे आणि त्यात शार्लीनचे काम करणाऱ्या कायली मिनोग या माझ्या आयुष्यातील पहिल्या लाडक्या गायिका ठरल्या. भारतात परतताना त्यांच्या दोन कॅसेटी मी कपड्यांच्या घड्यांमध्ये घालून आणल्या. आमच्या घरात शास्त्रीय संगीताचे वातावरण असल्यामुळे त्या कधी मोठ्याने लावल्या नाहीत आणि लग्नानंतरही ही आवड मी झाकूनच ठेवली. 2022 च्या उन्हाळ्यात मुलीला घेऊन लेस्टरच्या मैत्रिणीकडे गेले असताना मालिकेचा निरोपाचा भाग आम्ही एकत्र पाहिला. कायली पुन्हा त्या गल्लीत आलेल्या पाहून मला रडू आवरेना. मुलीने विचारले, ‘आई, तू नक्की कशासाठी रडते आहेस?’ मला उत्तर देता आले नाही. ही गाणी आणि ही मालिका लोक म्हणतात तितकी किरकोळ आहेत का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपल्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर आहे आणि त्याचा बराचसा भाग 1988 या एका वर्षात सापडतो, म्हणून आधी त्या वर्षाकडे जाऊ.

‘नेबर्स’ ही मालिका 18 मार्च 1985 रोजी ऑस्ट्रेलियातील सेव्हन या वाहिनीवर सुरू झाली आणि त्याच वर्षी त्या वाहिनीने ती बंदही केली. टेन या प्रतिस्पर्धी वाहिनीने ती उचलून 1986 च्या आरंभी पुन्हा सुरू केली, तरुण पात्रांना अधिक वाव दिला, आणि त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात शार्लीन मिचेल मालिकेतल्या रॅमसे स्ट्रीट या गल्लीत आली. आईच्या घरात खिडकीतून शिरू पाहणाऱ्या या मुलीला शेजारचा स्कॉट चोर समजून अडवतो आणि ती त्याला ठोसा लगावते, अशी तिची पहिली ओळख आहे. पुढे ती गॅरेजमध्ये मोटारदुरुस्तीचे काम शिकते. केस कुरळे, कामाच्या पोशाखावर तेलाचे डाग, तोंडाने फटकळ आणि मनाने सरळ अशी ही मुलगी शाळकरी प्रेक्षकांना ताबडतोब आपलीशी वाटली, कारण दूरचित्रवाणीवरच्या मुलींना तोवर गाडीखाली झोपून पाना फिरवण्याचे काम क्वचितच मिळाले होते.

बीबीसीने ही मालिका 27 ऑक्टोबर 1986 पासून दाखवायला सुरुवात केली, पण ती दुपारी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, म्हणजे मुले शाळेत असतानाच्या वेळी. त्या वेळी तेथे कार्यक्रमांचे प्रमुख असलेल्या मायकेल ग्रेड यांनी, आपल्या शाळकरी मुलीच्या सांगण्यावरून, जानेवारी 1988 मध्ये तिचे पुनःप्रक्षेपण संध्याकाळी 5 वाजून 35 मिनिटांवर आणले. आपण लेस्टरमध्ये दप्तर टाकून जी वेळ गाठत होतात ती हीच.

आता मुख्य गोष्ट. ब्रिटनमधले भाग ऑस्ट्रेलियाच्या मागे जवळजवळ दीड वर्ष चालले होते. या विलंबामुळे असे घडले की, ज्या महिन्यांत ब्रिटनमधल्या प्रेक्षकांसाठी शार्लीन रॅमसे स्ट्रीटवरच होती, स्कॉटशी भांडत होती आणि आईशी वाद घालत होती, त्याच महिन्यांत ‘आय शुड बी सो लकी’ हे कायलींचे गाणे तेथील विक्रीच्या यादीत सलग 5 आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी भेटणारी मुलगी गुरुवारी रात्री गाण्यांच्या कार्यक्रमात नाचताना दिसत होती. अन्य गायिकांना रंगमंचावरून प्रेक्षकांपर्यंत यावे लागते. या गायिकेच्या बाबतीत प्रेक्षक तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या आईच्या रागालोभात आणि तिच्या परीक्षेच्या निकालात आधीच येऊन बसलेले होते. तिचे गाणे यशस्वी झाले तेव्हा शेजारची मुलगी पहिली आल्याचा आनंद लाखो घरांत झाला. मालिका आणि गाणी या दोन वेगळ्या आवडी आहेत, असे आपण पत्रात धरून चालला आहात. मला त्या एकच आवड वाटतात.

स्कॉट आणि शार्लीन यांचे लग्न ऑस्ट्रेलियात 1 जुलै 1987 रोजी दाखवले गेले. ब्रिटनमध्ये तो भाग 8 नोव्हेंबर 1988 रोजी आला आणि सुमारे 2 कोटी लोकांनी तो पाहिला. त्या वेळी ब्रिटनची लोकसंख्या पावणेसहा कोटींच्या आसपास होती, म्हणजे दर तीन माणसांमागे एक माणूस त्या दिवशी त्या लग्नाला हजर होता. वधू चर्चमध्ये येते तेव्हा पार्श्वभूमीवर अँग्री अँडरसन यांचे ‘सडनली’ हे गाणे वाजते; एरवी दणकट रॉक गाणाऱ्या माणसाच्या घोगऱ्या आवाजातले ते मृदू गाणे मला अजूनही फार आवडते. त्याच महिन्यात कायली आणि स्कॉटचे काम करणारे जेसन डोनोव्हन यांचे ‘इस्पेशली फॉर यू’ हे युगुलगीत बाजारात आले आणि जानेवारी 1989 मध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. आपल्या कॅसेटींपैकी एकीवर ते असणार, अशी माझी अटकळ आहे.

आता किरकोळपणाच्या आक्षेपाविषयी. तो त्या काळीही जोरात होता. इंग्रजी वृत्तपत्रांनी कायलींना ‘गाणारा पिंजऱ्यातला पक्षी’ अशा अर्थाचे नाव ठेवले होते. त्यांची सुरुवातीची गाणी स्टॉक, एटकिन आणि वॉटरमन या तिघांनी लंडनमध्ये रचली आणि या तिघांच्या कामाला समीक्षक कारखाना म्हणत. माइक स्टॉक यांनी स्वतःच सांगितलेली हकीकत अशी की, मेलबर्नहून एक अभिनेत्री गाणे ध्वनिमुद्रित करायला येणार आहे हे ते विसरूनच गेले होते. कायली बाहेर वाट पाहत बसल्या असताना आतमध्ये सुमारे 40 मिनिटांत ‘आय शुड बी सो लकी’ तयार झाले. त्याआधी एका फुटबॉल क्लबच्या मदतनिधीसाठी मालिकेतल्या कलावंतांनी केलेल्या कार्यक्रमात त्यांनी ‘द लोको-मोशन’ हे जुने गाणे म्हटले होते, आणि तेच 1987 मध्ये ध्वनिमुद्रित होऊन ऑस्ट्रेलियात 7 आठवडे अग्रस्थानी राहिले होते. म्हणजे गायिका होण्याचा मार्ग मालिकेच्या अंगणातूनच गेला.

40 मिनिटांत झालेले गाणे हलके असते, हे मी मान्य करणार नाही. ‘आय शुड बी सो लकी’चे ध्रुवपद वरवर आनंदी आहे, पण त्याचे शब्द नीट ऐकले तर ते न मिळालेल्या प्रेमाविषयीचे गाणे आहे, ज्याच्याशी आपले नाव जोडावे असे वाटते तो केवळ कल्पनेत भेटतो, ही त्यातील तक्रार आहे. चाल नाचवते आणि शब्द दुखावतात, ही रचना सोपी नव्हे.

मालिका आणि पॉप गाणे यांच्यात एक साम्य आहे, ज्याकडे शास्त्रीय संगीताच्या घरातून पाहणाऱ्या माणसाचे सहज दुर्लक्ष होते. दोन्ही गोष्टी रोजच्या कामाच्या सोबतीला असतात. ख्याल ऐकण्यासाठी आपण बसतो, मन एकाग्र करतो, मैफलीची वेळ राखून ठेवतो. हे गाणे कपडे वाळत घालताना, बसची वाट पाहताना, गृहपाठ करताना ऐकले जाते आणि म्हणूनच ते त्या क्षणांना चिकटून राहते. आपल्याकडे जात्यावरची ओवी अशीच कामाच्या सोबतीने गायली गेली. ती गाणाऱ्या बायकांनी तिला कलेचा दर्जा मागितला नाही, पण त्यांच्या मनातले सगळे तिच्यात साठले. आपण 1999 मध्ये भारतात होतात, तेव्हा अल्फा मराठीवर ‘आभाळमाया’ सुरू झालेली आपल्याला आठवत असेल. मंगेश कुळकर्णी यांचे शब्द, अशोक पत्की यांचे संगीत आणि देवकी पंडित यांचा आवाज असलेले तिचे शीर्षकगीत लागले की घरोघरी माणसे हातातले काम ठेवून दिवाणखान्यात येत. त्या गाण्यात देवकीताईंसारख्या रागदारी शिकलेल्या गायिकेचा आवाज आहे म्हणून ते आपल्या घरात चालले असेल आणि टोनी हॅच व जॅकी ट्रेंट या दांपत्याने रचलेले ‘नेबर्स’चे शीर्षकगीत चालले नसेल, पण दोन्ही गाणी एकच काम करत होती. दिवस कलला, आता आपली माणसे भेटणार, एवढेच ती सांगत होती.

निरोपाच्या भागात, जुलै 2022 मध्ये, स्कॉट आणि शार्लीन गाडीतून रॅमसे स्ट्रीटवर येतात. कायली त्यात जवळजवळ काही बोलत नाहीत आणि जास्त बोलण्याची गरजही नव्हती. कायली आणि जेसन दोघेही तेव्हा 54 वर्षांचे होते. चित्रपटात वय वाढलेले दाखवण्यासाठी रंगभूषा करावी लागते. दीर्घ मालिकेत माणसे खरोखर मोठी होतात आणि त्यांच्यासमोर बसलेले प्रेक्षकही. आपण तो भाग लेस्टरमध्येच पाहिलात. दप्तर टाकून सोफ्यावर बसलेली तेरा वर्षांची मुलगी, कामावरून परतायचे असलेले वडील, खिडकीबाहेर चार वाजताच पडलेला नोव्हेंबरचा अंधार आणि पडद्यावर मेलबर्नचे ऊन, एवढे सगळे त्या एका गाडीबरोबर गल्लीत आले. मुलीला हे सांगा आणि नंतर त्या दोन कॅसेटी तिच्यासमोर मोठ्या आवाजात लावा. वाजवण्याचे यंत्र घरात नसेल तर जुन्या वस्तूंच्या बाजारात अजून मिळते.

प्रश्न : कायली मिनोग यांनी हिंदी चित्रपटात गाणे गायले आहे, असे माझा मित्र पैजेवर सांगतो. हे खरे आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या मित्राने पैज जिंकली आहे. 2009 मध्ये प्रदर्शित झालेल्या अँथनी डिसूझा दिग्दर्शित ‘ब्लू’ या चित्रपटात ‘चिगी विगी’ हे गाणे कायली मिनोग आणि सोनू निगम यांनी गायले असून संगीत ए. आर. रहमान यांचे आहे. कायली त्या गाण्यात पडद्यावरही अक्षयकुमार यांच्यासोबत दिसतात. गाण्याचा पहिला भाग इंग्रजीत त्यांच्या नेहमीच्या पॉप वळणाने जातो आणि मग ढोलाचा ठेका घेऊन ते पंजाबी अंगाने वळते. हे त्यांच्या उत्तम गाण्यांपैकी एक आहे असे म्हणणार नाही, परंतु त्यांच्या आवाजाची लवचीकता त्यात कळते.

प्रश्न : आम्ही गेली अकरा वर्षे मेलबर्नच्या पूर्व भागात राहतो. भारतातून किंवा इंग्लंडमधून आलेला पाहुणा हमखास रॅमसे स्ट्रीट दाखवा म्हणतो. मी मालिका पाहिलेली नाही, बायको पाहते. पाहुण्यांना काय सांगावे, आणि त्या गल्लीत आपल्यासारखे भारतीय कुटुंब कधी राहायला आले होते का, हे कळवावे. (एक वाचक, मेलबर्न)

उत्तर : नकाशावर रॅमसे स्ट्रीट शोधू नका, कथेतील एरिन्सबरो हे उपनगरच काल्पनिक आहे. बाहेरचे चित्रण आपल्या भागातील व्हर्मांट साउथमधील पिन ओक कोर्ट या टोकाला बंद असलेल्या गल्लीत होत असे आणि घरांच्या आतले प्रसंग नुनावाडिंग येथील स्टुडिओत. कथेतले घर आणि खरे घर यांची सांगड अशी की, पडद्यावर दार उघडून आत जाणारे पात्र त्या दाराच्या पलीकडे काही किलोमीटर दूर असलेल्या खोलीत पोहोचते. पाहुण्यांना सर्वांत आधी हेच सांगा, कारण बहुतेकांना गल्ली पाहिल्यावर ती अपेक्षेपेक्षा लहान वाटते आणि थोडा विरस होतो. तेथील घरांत आजवर खरी कुटुंबे राहत आली आहेत. चित्रीकरणाच्या दिवशी त्यांच्या अंगणात कॅमेरे येत आणि इतर दिवशी जगभरातले चाहते. तेव्हा रस्त्यावर उभे राहून छायाचित्र काढावे, हिरवळीवर किंवा गाडीच्या वाटेवर पाऊल ठेवू नये आणि आवाज बेताचा ठेवावा, एवढे पाहुण्यांना आधीच बजावावे. चाहतेपणाची रीत शेजारधर्माच्या मालिकेच्या दारात तरी पाळली गेली पाहिजे.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मेलबर्न हे शहर ग्रीक, इटालियन, व्हिएतनामी, चिनी, भारतीय अशा अनेक लोकांचे आहे, हे आपण रोज पाहता. पण मालिकेची गल्ली पहिली पंचवीस वर्षे जवळजवळ पूर्णपणे गोऱ्या कुटुंबांची होती. त्या काळात तेथे राहणाऱ्या भारतीय मुलांना शार्लीन आवडत असूनही आपले घर त्या गल्लीत दिसत नव्हते, ही उणीव कोणत्याही चाहत्याने मोकळेपणाने मान्य करावी. 2010 नंतरच्या दशकात अजय, प्रिया आणि त्यांची मुलगी राणी असे कपूर कुटुंब रॅमसे स्ट्रीटवर आले. अजय वकील आणि नगरसेवक, प्रिया शाळेची मुख्याध्यापिका. त्यांच्या आगमनाबरोबर काही प्रेक्षकांनी वर्णद्वेषी टिप्पण्या केल्या. 2013 मध्ये प्रियाचा कथेत मृत्यू झाला आणि त्यानंतर ते कुटुंब मालिकेतून गेले. अजयचे काम करणारे सचिन जोआब यांनी पडद्यावरच्या विविधतेविषयी तेव्हा उघडपणे मत मांडले. पुढे 2017 पासून शरॉन जोहल यांनी दिपी या दक्षिण आशियाई वंशाच्या स्त्रीचे काम केले आणि 2021 मध्ये चित्रीकरणस्थळी आलेल्या वर्णद्वेषी अनुभवांविषयी जाहीरपणे सांगितले. एका आदिवासी ऑस्ट्रेलियन अभिनेत्रीनेही तसेच सांगितले होते. एखाद्या मालिकेवर प्रेम करणाऱ्याने तिच्याविषयीचे हे वास्तव झाकू नये. उलट आपली माणसे म्हणून ज्यांच्यावर आपण जीव लावतो त्यांच्याकडूनच अधिक अपेक्षा करावी.

मालिका 2022 मध्ये संपून पुढील वर्षी एका परदेशी ऑनलाइन सेवेवर पुन्हा सुरू झाली आणि 2025 च्या अखेरीस थांबली. पाहुण्यांना गल्ली दाखवायला घेऊन जाल तेव्हा आपल्या पत्नीलाच माहिती सांगू द्यावी, असे मी सुचवते. त्या पाहत आल्या आहेत.

प्रश्न : 2006 मध्ये मला स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा माझ्या भाचीने मला कायली मिनोग यांच्याविषयी सांगितले आणि त्यांची गाणी दिली. मला इंग्रजी फारसे समजत नाही, तरी केमोथेरपीच्या दिवसांत मी ती ऐकत असे. आता मी बरी आहे. प्रसिद्ध व्यक्तीचे आजारपण असे सर्वांसमोर येणे योग्य असते का, असा विचार मनात येतो. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आपले पत्र वाचून फार बरे वाटले. कायली मिनोग यांच्या आजाराची बातमी 17 मे 2005 रोजी जाहीर झाली, तेव्हा त्या 36 वर्षांच्या होत्या आणि ‘शोगर्ल’ हा त्यांचा मोठा दौरा ऑस्ट्रेलियात पोहोचणार होता. दौरा थांबवावा लागला, इंग्लंडमधील ग्लॅस्टनबरी महोत्सवातील कार्यक्रमही रद्द झाला. मेलबर्नमध्ये शस्त्रक्रिया आणि पॅरिसमध्ये पुढील उपचार झाल्यावर नोव्हेंबर 2006 मध्ये सिडनीहून त्यांनी तोच दौरा पुन्हा सुरू केला. आरंभी एका डॉक्टरांनी काही नाही म्हणून परत पाठवले होते, परंतु मन मानेना म्हणून पुन्हा तपासून घेतले, असे त्यांनी नंतर मुलाखतीत सांगितले.

आजारपण खासगी असते आणि ते जाहीर करण्याचे बंधन कोणावरही नसते. मेलबर्नमधल्या घरासमोर छायाचित्रकारांनी केलेली गर्दी मला मुळीच योग्य वाटत नाही. तरी जाहीर झाल्यामुळे काय घडले याची नोंद ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ठेवली आहे. बातमीच्या काळातील दोन आठवड्यांत तेथे स्तनांच्या तपासणीसाठी वेळ घेणाऱ्या स्त्रियांची संख्या 40 टक्क्यांनी वाढली आणि चाळिशी ते सत्तरीच्या ज्या स्त्रियांनी आधी कधीच तपासणी केली नव्हती त्यांच्या बाबतीत ती दुप्पट झाली. सरकारी जाहिरातींना असे यश दोन आठवड्यांत सहसा मिळत नाही. कारण पुन्हा तेच, की त्या स्त्रियांनी कायलींना गल्लीतली मुलगी म्हणून मोठी होताना पाहिले होते, आणि गल्लीतल्या मुलीला असे झाले तर आपल्यालाही होऊ शकते, हे मनाला लगेच पटते.

ग्लॅस्टनबरीला त्या अखेर 2019 मध्ये गेल्या. 14 वर्षांपूर्वी इथे यायचे होते आणि ते घरी बसून पाहावे लागले, हे गर्दीला सांगताना त्यांचा गळा दाटून आला आणि मग त्या सावरून पुढचे गाणे गायल्या. भाषेची अडचण मनात आणू नका, तो कार्यक्रम मिळवून नक्की पाहा.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. 2023 मध्ये ‘पडम पडम’ ऐकून मी कायलींचा चाहता झालो. जुने काहीच माहीत नाही. कोठून ऐकायला सुरुवात करावी? माझे मित्र त्यांना फक्त नाचाच्या गाण्यांची बाई म्हणतात. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपण ज्या दारातून आलात ते दार उत्तम आहे. त्या गाण्यातील ‘पडम’ म्हणजे हृदयाचा ठोका. आपल्याकडे ‘धडधड’ म्हणावे तसे. पन्नाशी उलटल्यावर गायलेल्या त्या गाण्यासाठी कायलींना 2024 मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

क्रमाने जुने ते नवे असे ऐकू नका. त्यात पहिल्या दोन वर्षांतल्या एकसारख्या गाण्यांत आपण थकून जाल. 2001 चे ‘कान्ट गेट यू आउट ऑफ माय हेड’ आधी घ्या. कॅथी डेनिस आणि रॉब डेव्हिस यांनी रचलेले हे गाणे सुमारे 40 देशांत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याची सगळी मोहिनी ‘ला ला ला’ या अर्थ नसलेल्या अक्षरांत आहे. आपल्याकडे तराणा ऐकताना ‘तोम’ आणि ‘दिर दिर’ या अक्षरांना अर्थ नाही म्हणून कोणी अडत नाही, तसेच इथे अडू नये. आवाज मुद्दाम थंड ठेवलेला आहे आणि खालचा ठेका क्षणभरही सुटत नाही. मनात घर करून बसलेल्या विचारापासून सुटका नसते, हे शब्दांपेक्षा तो ठेकाच सांगतो.

त्यानंतर आपल्या मित्रांना बसवून 1994 चे ‘कन्फाइड इन मी’ ऐकवा. स्टॉक, एटकिन, वॉटरमन यांची साथ सोडल्यावरचे हे पहिले मोठे गाणे. व्हायोलिनांची लांब ओढ, मध्यपूर्वेची आठवण करून देणारे स्वर आणि कुजबुजत सुरू होऊन उंच चढणारा आवाज त्यात आहे. 1995 मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाचेच रॉक गायक निक केव्ह यांच्यासोबत ‘व्हेअर द वाइल्ड रोझेस ग्रो’ गायले. ते एका खुनाचे कथागीत आहे आणि मारली गेलेली मुलगी कायली गातात. नाचाच्या गाण्यांची बाई म्हणणाऱ्यांना हे एक गाणे पुरते.

1997 चा ‘इम्पॉसिबल प्रिन्सेस’ हा अल्बम माझा सर्वांत आवडता. त्यातील जवळजवळ सर्व गाण्यांचे शब्द लिहिण्यात कायलींचा स्वतःचा हात आहे. तो तयार होत असतानाच ऑगस्ट 1997 मध्ये प्रिन्सेस डायना यांचा मृत्यू झाला, त्यामुळे ब्रिटनमध्ये नाव बदलून तो उशिरा काढावा लागला आणि विकलाही फारसा गेला नाही. अनेकांनी तेव्हा कायली संपल्या असे लिहिले. 2000 मध्ये ‘स्पिनिंग अराउंड’ने त्या पुन्हा अग्रस्थानी आल्या आणि त्याच वर्षी सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात गायल्या. लोक त्या पुनरागमनाचे श्रेय सोनेरी चड्डीतल्या चित्रफितीला देतात. मी ते त्या न विकलेल्या अल्बमला देते, कारण आपला आवाज आपल्या मर्जीने वापरण्याची सवय त्यांना तिथे लागली.

आपण संगीत ध्वनिमुद्रित करण्याचा प्रयत्न करत असाल तर 2020 च्या ‘डिस्को’ या अल्बमची हकीकत आपल्या उपयोगाची आहे. टाळेबंदीत स्टुडिओ बंद झाल्यावर कायलींनी घरातच ध्वनिमुद्रणाची सामग्री मांडली, ती वापरायला पन्नाशीत शिकल्या आणि आपला बराचसा आवाज स्वतः मुद्रित केला. त्या अल्बमवर ध्वनिमुद्रक म्हणूनही त्यांचे नाव आहे. तो ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि सलग पाच दशकांत तेथे अग्रस्थानी अल्बम असलेल्या त्या पहिल्या गायिका ठरल्या. गॅरेजमध्ये यंत्र उघडून पाहणाऱ्या शार्लीनला हे काम नक्की आवडले असते.

एवढे ऐकून झाल्यावर मग 1988 ची गाणी लावा. तोवर आवाज ओळखीचा झालेला असेल आणि विशीतल्या त्या मुलीच्या स्वरात पुढचे काय काय आधीच होते, ते आपल्याला ऐकू येईल. मित्रांना काय वाटले ते कळवावे. पुढील अंकात त्याला जागा देईन.